गाडी धरायला हाक मारली होती तुम्ही

दाजी,

रविवार उजाडला की माझं उजवं मनगट दुखायला लागतं. सोमवारी आपोआप थांबतं. सुनंदा म्हणते, एकदा हाडाच्या डॉक्टरला दाखवून घ्या. जाऊन त्याला सांगू काय? की आमच्या दाजींच्या गाडीचं वजन पेलायची या हाताला सवय होती, आणि दाजी गेलेत हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही?

पेपरात तुमच्या फोटोखाली टाकायचा मजकूर महेशनं माझ्याकडूनच लिहून घेतला. "मामा, तुझं मराठी चांगलंय." गाव, नोकरी, मनमिळाऊ स्वभाव, मागे पत्नी, मुलगा, सून. दिला लिहून. त्यात एक शब्द खोटा नव्हता आणि तुम्ही त्यात कुठंच नव्हता. मीही नव्हतो, हे माझ्या सोयीचं होतं.

कारण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अक्का एकच सांगत होती. "सकाळी मीच अंगण धुतलं वो. हे म्हनलेले, आज धू नको, मला गाडी घ्यायचीय. मी ऐकलं न्हाय. ओल्या फरशीवर स्टँड सरकला. पानी मी वतलं." येणारे मान हलवायचे. शहाबादी फरशी ओली झाली की घसरतेच, असं कुणीतरी म्हणायचं. मीही शेजारी बसून मान हलवायचो. तिच्या पुढ्यातलं ताट जसंच्या तसं आत जायचं, आणि मी ते बघत होतो. माझी सख्खी थोरली बहीण स्वतःच्या डोक्यावर एक दगड घेऊन बसली होती. तो दगड कुणाचा, हे मला माहीत होतं.

आणि तुम्हालाही होतं.

आपली दोन घरं एका भिंतीची. विजापूर रोडच्या या कॉलनीत शेजारी शेजारी घरं घेतली तेव्हा तुम्ही अक्काला म्हणाला होता, "मेव्हणा भिंतीला लागून म्हंजे फुकटचा गडी." ते खरंच करून दाखवलंत. तुमच्या गाडीच्या डबल स्टँडची स्प्रिंग गेली, मग तो रस्त्याला घासायला लागला, मग तुम्ही तो काढूनच टाकलात. नवा बसवायचं नाव नाही. कुणी विचारलं की माझ्याकडं बोट. "ह्यो काय, हाय की माझा डबल स्टँड. चहा पितो आनि ऑफिसला बी जातो."

ते काम कसं चालायचं हे तुम्हाला काय सांगायचं, पण मला ते एकदा नीट लिहू द्या. पुढच्या ब्रेकला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो आवळून ठेवायचा, म्हणजे पुढचं चाक हलत नाही. गाडी साइड स्टँडवर. मी डाव्या बाजूला उभा, एक हात हँडलला, एक सीटमागच्या दांडीला. तुम्ही म्हणायचात, "तम्मा, हिडी." धाकट्या भावा, धर. मी गाडी माझ्याकडं ओढून घ्यायचो, ती स्टँडवर आणखी कलायची, आणि मागचं चाक फरशीवरून बोटभर उचललं जायचं. तुम्ही माझ्या पायाशी पोतं टाकून बसायचात. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश. साखळी घासून, पुसून, तेल सोडून झालं की "बिडु." सोड. आमच्या घरातलं कन्नड आम्हा भावंडांच्या आधीच संपलं होतं. तुम्ही अक्कलकोटच्या पलीकडचे. भांडताना मराठीत भांडायचात, पण हात कामाला लागले की तोंडात कन्नड यायचं. माझं कन्नड या दोन-चार शब्दांपुढं कधी गेलं नाही.

सुरुवातीला मी नुसत्या हातांच्या जोरावर धरायचो आणि थरथरायचो. "हातानं नको रं. हात दगा देत्यात. कमरंवर घे. लेकरू कडंवर घेतो तशी घे की." ते एकदा जमल्यावर मात्र गाडी हलकी वाटायला लागली.

मेकॅनिक म्हणून तुम्ही यथातथाच होता, दाजी. हे तुम्ही असताना बोलायची माझी हिंमत नव्हती. दर वेळी एखादा नट उरायचाच, आणि तुम्ही तो शर्टाच्या खिशात टाकून म्हणायचात, "कंपनी जास्तीचेच देती." कोपऱ्यावर गॅरेज होतं. तिथं हेच काम निम्म्या वेळात झालं असतं. पण तुम्हाला साखळीचं फारसं पडलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही खाली मान घालून बसलेले, मी जागचा हलू न शकणारा. अशा वेळी तुम्ही मला काहीही विचारायचात. "झोप लागती का रं?" "सुनंदाचं ऑपरेशन कवा म्हनाला डॉक्टर?" "सायबाबरूबर मिटलं का?" मी मुळात न बोलणारा. समोरासमोर कुणी विचारलं तर मी "ठीक आहे" म्हणून विषय संपवतो. पण तुमच्या टकलाकडं बघत, कमरेवर गाडी घेऊन, मी जे बोललोय ते दुसऱ्या कुणाजवळ कधी बोललो नाही. तुम्ही वर बघायचा नाहीत. चाक फिरवत राहायचात. वर बघितलं असतंत तर मी गप्प झालो असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

माळशिरसच्या लग्नाला निघालो होतो तो दिवस आठवतो का? मी बसनं जाऊ म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, गाडी असताना बस कशाला. माळशिरस जवळ आलं आणि साखळी निघाली. ती जोडताना नखाएवढं लॉक धुळीत पडलं. मी भर उन्हात रस्त्याच्या कडेला गाडी कमरेवर घेऊन उभा, आणि तुम्ही लग्नाच्या कपड्यांत गुडघ्यांवर रांगत धूळ चाळताय. शेळ्या घेऊन एक बाई आली. थांबली. शेळ्याही थांबल्या. बराच वेळ बघून तिनं मला विचारलं, "पाव्हणं, गाडीला तुमी धरलंय का गाडीनं तुमास्नी?" तुम्ही हसता हसता रस्त्यावर बसकणच मारलीत. ते लॉक शेवटी तिच्याच पायापाशी सापडलं. मांडवात पोचलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या आणि आपल्या दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. वाढणारा म्हणाला, "सोलापूरकडं काजळ हाताला लावत्यात का काय?"

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढं फार वाईट दिलं.

पन्नाशी उलटली तशी मला रविवारची सकाळ माझी एकट्याची हवीशी वाटायला लागली. पेपर, चहा, कुणी हाक न मारणं. भिंतीपलीकडून "तम्मा" आलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. दोन-तीनदा मी सुनंदाला म्हणालो, झोपलेत म्हणून सांग. तिनं ते कधी सांगितलं नाही. "उठा," म्हणायची, "म्हातारा माणूस वाट बघतोय."

म्हणून मी तो लोखंडी स्टँड मागवला. मागच्या चाकाखाली घालून दाबला की चाक अधांतरी आणि गाडी सरळ, खांबासारखी उभी. खोक्यासकट घेऊन तुमच्याकडं आलो. मला वाटत होतं की मी भेट देतोय. निदान तसं मी स्वतःला सांगत होतो.

"हे काय?"

"स्टँड आहे, दाजी. आता कुणाची गरज नाही. एकट्याला लावता येतो."

तुम्ही तो हातात घेतलात, खालीवर बघितलात. "जड हाय. चांगलाय." मग तो खोक्यात परत ठेवत, "म्हंजे तुला बोलवायचं न्हाय आता."

"तसं नाही हो. सोयीसाठी."

"कुनाच्या?"

तिथं गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस मी, नेमका तिथं बोललो. "दाजी, दर रविवारी नाही जमत. एका साखळीसाठी दोन माणसं कशाला अडकवायची? आणि खरं सांगू का, साठी उलटली तुमची. गाडी विका आता."

"साखळीसाठी," तुम्ही म्हणालात. नुसतं तेवढंच, स्वतःशी. मग हसलात. "बरं केलंस. तुझ्या जागी लोखंड आनून ठिवलंस. लोखंड चहा तरी मागत न्हाय."

खोकं जिन्याखाली गेलं. ते तुम्ही पुन्हा उघडलं नाहीत, आणि मला हाकही मारली नाहीत. कितीतरी रविवार. तुम्ही एकटेच काम करत होता. गाडी कलवायची, पलीकडून खाली लाकडी ठोकळा सारायचा आणि बसायचं. मला कळत होतं. साखळीतली एक कडी आखडलेली होती. चाक फिरलं की ती टक् करायची, आणि ते भिंतीतून माझ्यापर्यंत ऐकू यायचं. ते ऐकत मी पेपर वाचायचो. भांडण जिंकल्याचा आनंद होता असं नाही. सुटल्यासारखं वाटत होतं, एवढं मात्र खरं.

त्या रविवारी सुनंदा भाजी आणायला गेली होती. मी पुढच्या खोलीत चहा घेऊन बसलो होतो. पलीकडं बादलीचा आवाज झाला, खराट्याचा झाला, अक्का आत गेली. आणि मग तुम्ही.

"तम्मा. बा, हिडी."

ये, धर.

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. मधे काही घडलंच नाही अशी, नेहमीच्या उंचीची हाक. थोरल्या माणसानं आपणहून भांडण मिटवलं होतं.

मी कप खाली ठेवला. आणि उठलो नाही.

मनात काय आलं ते आज सांगतो, कारण ते इतकं छोटं आहे की त्याचीच मला लाज वाटते. आणखी एकदा हाक येऊ दे. बस, एवढंच. पहिल्या हाकेला गेलो तर माझा काही मानच राहणार नाही. दुसरी आली की जायचं, तोंड जरा आंबट ठेवून. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो, दाजी. कान भिंतीकडं. हाकेऐवजी टक् ऐकू आलं. म्हणजे तुम्ही माझी वाट बघून कामाला लागला होता. टक्. पुन्हा टक्. मग पत्रा आपटल्यासारखा आवाज झाला, आणि त्यानंतर तुमचा. तो शब्द नव्हता.

धावलो. आल्या आल्या तुमच्या अंगावरची गाडी उचलली, कमरेवर घेऊन, तुम्ही शिकवली होती तशी. अक्का पिठाच्या हातांनी दारात उभी. तुम्ही फरशीवर. तुमची नजर माझ्या तोंडाकडं नव्हती, माझ्या पायांकडं होती. ते मी तेव्हा बघितलं आणि विसरलो.

आठवलं ते हॉस्पिटलात. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. अक्का खाली औषधं आणायला गेली तेव्हा तुम्ही विचारलंत, "गाडी नीट हाय का?"

"आहे. आरसा फुटला तेवढा."

"पेट्रोल सांडलं असंल."

"थोडं."

मग छताकडं बघत म्हणालात, "तू घरात नव्हतास व्हय रं तवा?"

"नाही दाजी. दूध आणायला गेलतो."

"बरं."

त्या 'बरं'नं मला नंतर किती सकाळी जागं केलंय म्हणून सांगू. मी अनवाणी धावत आलो होतो. अनवाणी दूध आणायला कोण जातं? तुम्हाला माहीत होतं मी घरातच होतो. तुम्ही ते विचारलंत ते मला पकडायला नव्हे, माझी सुटका करायला. स्वतःच्या मोडक्या खुब्यावर पडून तुम्ही मला एक खोटं देऊ केलंत, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. नंतर रोज संध्याकाळी येऊन तुमच्या उशाशी बसलो. दर वेळी वाटायचं, आज बोलू. तुम्ही मला सोलापूरच्या उन्हाबद्दल, नर्सच्या आवाजाबद्दल बोलत ठेवायचात. मी बोलू नये म्हणूनच बोलत होता का?

घरी आणलं. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायला लागलात. महेश पुण्याला परत गेला. आणि एका दुपारी अक्का ताक आणायला उठली तेवढ्यात तुमचा श्वास अडकला. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली, म्हणाले.

आपल्यात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. अंग आखडायच्या आत मांडी घालून, भिंतीला पाठ लावून बसवतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मातीत जायचं तेही बसूनच. पाठीमागं फळी लावून कापडानं बांधेपर्यंत कुणीतरी धरावं लागतं. तुमचे थोरले चुलते म्हणाले, "मेव्हणा कुटंय? त्याला सवय हाय. त्यो धरंल."

कुणी काही मनात ठेवून बोललं नव्हतं. मी तुमच्या डाव्या बाजूला बसलो. एक हात पाठीमागून, एक छातीवर. तुमचा खुबा नीट दुमडत नव्हता, त्यामुळं सगळा भार माझ्या अंगावर येत होता. डोकं माझ्या खांद्यावर घसरलं. "घट धर रं, कलतंय," चुलते म्हणाले. मी हातानं धरलं नाही, दाजी. कमरेवर घेतलं. बायका रडत होत्या, कोण कोण येऊन पाया पडत होतं, आणि मी तुम्हाला धरून बसलो होतो. इतक्या वर्षांत आपण एकमेकांच्या इतके जवळ कधी बसलो नव्हतो. ज्या माणसाला धरायला मी भिंतीपलीकडून आलो नाही त्याला मी धरलं होतं, आणि लोक म्हणत होते, बघा, मेव्हणा असावा तर असा. मागची गाठ बसल्यावर चुलते म्हणाले, "आता सोड." मला सोडता येईना. दोघांनी मिळून माझे हात सोडवले.

तेव्हापासून रविवारी पलीकडून टक् ऐकू येतं. सुनंदाला येत नाही. मी भिंतीला कान लावतो तेव्हा बंद होतं. पेपरकडं वळलो की पुन्हा येतं.

मागच्या रविवारीही आलं. पण या वेळी कान लावला तरी बंद झालं नाही. सुनंदानंही मान वर केली. मी उठलो, चप्पल न घालता गेलो.

अंगणात तुमची गाडी सरळ उभी होती, मागचं चाक हवेत. महेशनं तुमचे दिवस उरकून पुण्याला परतण्याआधी जिन्याखालचं खोकं उघडलं होतं, मागचा टायर बसू नये म्हणून. माझं लोखंड चोख काम करत होतं. आपल्या भांडणात माझंच म्हणणं बरोबर निघालं, बघा. धरायला कुणी लागत नव्हतं. अक्का पाटावर बसून हातानं चाक फिरवत होती.

"ऐक," ती म्हणाली, "वाजतीय. ह्यांनी एवढं तेल घातलं पन ही काय गप बसली न्हाय." मग म्हणाली, "मी पानी वतलं नसतं तर..."

"अक्का, त्यांनी मला हाक मारली होती."

तिचा हात थांबला, चाक फिरत राहिलं.

मी सगळं सांगितलं. चहाचा कप, भिंत, दुसऱ्या हाकेची वाट, दूध. उभा राहूनच सांगितलं. ती चाकाकडं बघत होती, तुम्ही बघायचात तशी, मान वर न करता. म्हणूनच मला ते बोलता आलं असेल.

"हाक कशी मारली?" तिनं विचारलं. "रागानं?"

"नाही. नेहमीसारखी."

"म्हंजे त्यांचा राग गेलता."

"व्हय."

चाक थांबलं. तेव्हा तिनं वर बघितलं.

"आनि तुझा?"

मी थांबलेल्या चाकाकडं बघितलं.

"जा तू," ती म्हणाली. "जा."

आठवडा होत आला. ती माझ्याशी बोलत नाही. सुनंदानं नेलेला डबा घेते, मी नेला तर दार उघडत नाही. सुनंदाही माझ्याशी कामापुरतं बोलते. मी माफी मागायला गेलो नव्हतो. आता मागावीशी वाटते, पण कुणाजवळ? तुम्ही तर ती मागण्याआधीच देऊन बसला होता, आणि तिच्याजवळ मागायची माझी लायकी नाही. तुमचे आभार मात्र मानायचे राहिलेत, दाजी. त्या खोट्यासाठी नव्हे. त्या हाकेसाठी. इतकं बोलल्यावरही तुम्ही मला हाक मारण्याजोगा समजलात.

काल दुपारी कोपऱ्यावरच्या काकू तिला भेटायला आल्या. मी पुढच्या खोलीत होतो. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, कोरडा, मोठा. मला ऐकू जावं म्हणूनच काढलेला.

"त्यांनी हाक मारली होती वो. माजा भाऊ भिंतीपल्याड बसून ऱ्हायला. आला न्हाय."

काकू काहीतरी पुटपुटल्या. मी हललो नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि अक्का म्हणाली,

"बसा की. च्या टाकते. मला बी प्यावासा वाटतोय."